रविवारी पाच वाजता भिंती पडणार

सुखदा स्टुलावर चढली तेव्हा तिच्या एका हातात पेन्सिल होती आणि दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. छताच्या कोपऱ्यातून निघालेली भेग पुन्हा सरकली होती. मागच्या सोमवारी तिने जिथे बारीकशी रेघ मारून ठेवली होती, ती रेघ मागे टाकून भेग आता खिडकीच्या चौकटीकडे निघाली होती, ऑफिसला उशीर झालेल्या माणसासारखी.

“निहार, वाढलीय!”

“कोण? वल्ली?” आवाज कपाटातून आला.

“वल्लीपण. मी भेगेचं म्हणतेय.”

कपाटाचं दार उघडलं आणि निहार ओहोळ बाहेर आला. गळ्यात हेडफोन, हातात माइक आणि डोक्यावर सुखदाच्या लग्नातल्या शालूचा पदर. एरवी नोएडाच्या एका कंपनीत मान खाली घालून कोडिंग करणारा, लिफ्टमध्येसुद्धा दुसऱ्याला आधी जाऊ देणारा हा मनुष्य सुट्टीच्या दिवशी कपाटात बसून ओरडायचा. कपाटात रजया, स्वेटर आणि साड्या असल्यामुळे आवाज घुमत नाही, असं त्याचं म्हणणं. तो थ्रॅश मेटलचा अल्बम करत होता. थ्रॅश मेटल म्हणजे गिटार शिलाईमशीनसारखी धडधडते, ड्रम तिच्या मागे कुत्रं लागावं तसे लागतात आणि गाणारा घसा खरवडून ओरडतो. गाणी मात्र सगळी देवाची, आणि मराठीत. कुठल्या कंपनीचा हात नाही, कोणाचा आशीर्वाद नाही. निहारच्या आईने, कुमुदिनीबाईंनी, अहमदनगरहून फोनवर एकदाच मत दिलं होतं, “आळव की रे त्याला. ओरडायचं कशाला? प्रभू काय बहिरा आहे?”

अल्बमचं नाव ‘यरीहो’. इस्राएल लोक त्या नगराभोवती फेऱ्या मारतात, रणशिंगं फुंकतात, जोराने ओरडतात आणि तटबंदी कोसळते, ती बायबलमधली गोष्ट. बँडचं नाव ‘रणशिंग’. बँडमध्ये माणसं दोन. निहार आणि ड्रमवर उन्मेष, जो ओल्ड राजेंद्रनगरमध्ये राहून कलेक्टर व्हायची तयारी करत होता आणि अभ्यासाचा राग ड्रमवर काढत होता.

सुखदाला यातल्या कशाचंच काही नव्हतं. तिचं सगळं लक्ष भेगेवर. भेग निघाली ती नेमकी आठ महिन्यांच्या वल्लरीच्या पाळण्यावर. पाळणा हॉलमध्ये हलवला, पण मग हॉलचं छतही संशयास्पद दिसायला लागलं. एक डोळा लेकीवर आणि एक डोळा छतावर ठेवून माणसाला झोप लागत नाही. सुखदाला कित्येक आठवडे लागली नव्हती.

गाझियाबादच्या ‘गोल्डन पारिजात’ सोसायटीचा बी टॉवर, अकरावा मजला. बिल्डरच्या माणसाचं, त्यागीजींचं, ऑफिस खाली तळमजल्यावर. सुखदा तिथे इतक्या वेळा गेली होती की तिला बघितलं की त्यागीजी आधी पाणी मागवायचे.

“हेयरलाइन क्रॅक है मॅडम. सबके यहाँ होता है.”

“सबके यहाँ? मग दाखवा ना कोणाकडे आहे.” सुखदा घाईत मराठीतच बोलायची. त्यागीजींना ते कळायचं, पण न कळल्यासारखं करायचे.

“बिल्डिंग भी साँस लेती है, मॅडम. आप टेन्शन बहुत लेती हैं.”

मग ती दर सोमवारी भेगेचा ताजा फोटो टॉवरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची. खाली हात जोडलेली दोन चित्रं यायची, एक गुलाबाचं फूल यायचं आणि कोणीतरी आपली जुनी ट्रेडमिल विकायला काढायचं. भेगेबद्दल ब्र नाही.

शनिवारी सकाळी निहार भलताच खुशीत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, दिल्लीतल्या मराठी मंडळीची उपासना झाली की चर्चच्या हॉलमध्ये ‘यरीहो’ वाजणार होता. तिथले धर्मगुरू दिलीप पाळकसाहेब यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली होती, फक्त म्हातारी माणसं आधी घरी पाठवू, एवढीच अट घालून. त्यासाठी निहारने पोस्टर केलं होतं.

सुखदाने ते बघितलं आणि तिचा चेहराच पडला. “ही माझी भेग आहे.”

“आपली,” निहार म्हणाला. “अगं, तडा गेलेली भिंत हवी होती कव्हरला. इतकी सुंदर भेग शोधून मिळणार नाही!”

“सुंदर?”

“म्हणजे, त्या दृष्टीने.”

पोस्टर काळंभोर. मधोमध भेग, छतापासून खिडकीपर्यंत. वर लाल, दातेरी अक्षरांत ‘यरीहो’. खाली, दिल्लीकरांनाही कळावं म्हणून हिंदीत: ‘रविवार, शाम पाँच बजे. दीवारें गिरेंगी.’ कोपऱ्यात बँडचं नाव होतं, पण मेटलच्या रिवाजाप्रमाणे ते वाचता येऊ नये असंच लिहिलं होतं. ‘रणशिंग’ ही अक्षरं मुळांसारखी एकमेकांत गुंतली होती.

“हे काय बाभळीचं झाड काढलंयस?”

“लोगो आहे गं. एवढं मंडळीच्या ग्रुपवर टाकशील? मी शेवटचं मिक्सिंग करतोय. प्लीज.” आणि तो कपाटात गेला.

सुखदा वल्लरीला नाचणीचं सत्त्व भरवत होती. डाव्या हातात वाटी, कमरेवर लेक, उजव्या हाताची दोनच बोटं मोकळी. त्या बोटांनी तिने फोन उघडला. आता, भेगेचा फोटो पाठवायचा म्हटल्यावर त्या बोटांना एकच ग्रुप माहीत होता. कित्येक सोमवारची सवय. फोटो गेला. सुखदाने फोन चार्जिंगला लावला आणि वल्लरीला आंघोळीला नेलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दुसऱ्या कुठल्या गावात ‘रविवारी पाच वाजता भिंती पडतील’ असं वाचून लोक हसले असते. पण या भागातल्या लोकांनी काही वर्षांपूर्वी नोएडातल्या दोन उत्तुंग इमारती दिवस, वेळ जाहीर करून, सुरुंग लावून, रविवारीच पाडलेल्या बघितल्या होत्या. भिंत पडायचीही अपॉइंटमेंट असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुखदा पावडरचा डबा घेऊन बाहेर आली तेव्हा फोन टेबलावर थरथरत थरथरत काठापर्यंत आला होता.

‘ये यरीहो कौन सी एजेन्सी है?’

‘नाम से जापानी लगती है.’

‘जापानी है तो रिपोर्ट सही होगी.’

‘कोने में दरारों का पूरा नक्शा दिया है, जूम करके देखो!’

‘सिर्फ बी टॉवर या ए भी?’

पोस्टर मंडळीऐवजी टॉवरच्या ग्रुपवर गेलं होतं, हे सुखदाला आत्ता दिसलं. तिने घाईघाईने संदेश सगळ्यांसाठी पुसून टाकला. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक ती हीच, पहिली नव्हे.

‘देखा! डिलीट करवा दिया!’

‘बिल्डर का प्रेशर!’

‘किसने सेव्ह किया है? फॉरवर्ड करो!’

सगळ्यांनी सेव्ह केलं होतं. सगळ्यांनी फॉरवर्ड केलं.

दारावरची बेल वाजली. समोरच्या भल्ला आंटी उभ्या होत्या. एका हातात चाकांची सूटकेस, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. “बेटा, तू तो कब से बोल रही थी,” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, “और मैं गुलाब का फूल भेजती रही! चल, बच्ची को उठा. पाँच बजे का क्या भरोसा, ये लोग कभी टाइम पे कुछ करते हैं?”

“आंटी, सुनिए तो, वो एल्बम है.”

“एल्बम?” भल्ला आंटींनी बरणी छातीशी धरली. “और भी फोटो हैं?”

सुखदा वल्लरीला घेऊन त्यांच्या मागोमाग खाली धावली. हिरवळीवर अख्खा बी टॉवर उतरला होता. कोणी टीव्ही काढून आणला होता, कोणी देवघर. मध्यभागी घामाघूम झालेले त्यागीजी, “अफवाह है, अफवाह है,” म्हणत हात हलवत होते.

“अफवाह कैसे?” सातव्या मजल्यावरचे एक गृहस्थ गरजले. “सेम टू सेम दरार मेरे बेडरूम में है!”

गृहस्थांनी जीभ चावली. पण सुटला शब्द सुटला. त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला, “बोल दिया? अब बेच लो फ्लॅट!”

“आपके यहाँ भी है?” पाचव्या मजल्यावरच्या बाई हळूच म्हणाल्या. “हमारे किचन में है. हमने ऊपर कॅलेंडर टाँग दिया.”

“हमने वॉलपेपर लगवाया.”

“हमने तो अक्वेरियम रखा है आगे.”

सुखदा बघतच राहिली. घराघरांत भेग होती, आणि भाव पडू नये म्हणून घराघरांत ती झाकलेली होती. कित्येक महिने ती एकटी वेडी ठरली होती, ती या कॅलेंडरांमुळे आणि माशांमुळे. त्यागीजी पाणी मागवायचे तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं, हेही तिला आत्ता कळलं, आणि आतापर्यंत नुसती काळजी करणाऱ्या सुखदाला पहिल्यांदा राग आला.

तेवढ्यात निहार धावत आला. त्याच्या गळ्यात हेडफोन तसेच होते. सरळ माणूस, त्याने सरळ सांगून टाकलं की ही नोटीस नाही, आपल्या गाण्यांचं पोस्टर आहे. चूक झाली, माफ करा. कसली गाणी, असं कोणी विचारलं, तर त्याने भाबडेपणाने मोबाइलवर थोडं वाजवूनही दाखवलं. पहिल्याच किंकाळीला जवळच्या बाळाने चोखणी टाकली. वल्लरी मात्र पाय झाडत हसली. तिला बाबाचा आवाज ओळखू आला होता.

त्यागीजींच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

“अच्छा!” ते म्हणाले. “अच्छा, अच्छा, अच्छा! तो ये बजता है ऊपर? मैं भी सोचूँ, इतनी मजबूत बिल्डिंग में दरार आई कहाँ से. व्हायब्रेशन! भाईसाहब, आपके गाने ने टॉवर हिला दिया!”

जमाव हा जमावच. मघाशी जपानी एजन्सीवर विश्वास ठेवणाऱ्या माना आता निहारकडे वळल्या.

“मैं तो समझती थी इसको एसिडिटी है,” भल्ला आंटी म्हणाल्या. “ऐसी आवाजें आती थीं! मैंने अजवाइन भी भिजवाई थी.”

“आज से म्युझिक बंद,” त्यागीजींनी निकाल दिला. “और दरारों का खर्चा ये देंगे. बात खतम.”

निहारचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षं कपाटात बसून केलेला अल्बम, आणि उद्या तो वाजायच्या आधीच गुन्हेगार. तो काही बोलणार, एवढ्यात सुखदाने वल्लरीला त्याच्या हातात दिलं. आतापर्यंत चार माणसांत बोलताना तिचा आवाज नेहमी कापायचा. या वेळी तो कापला नाही.

“एक मिनिट, त्यागीजी. ये बात कॅमेरे पर बोलिए.” समोरच्या वीस-पंचवीस मोबाइलांनी आपणहून तोंडं वळवली. “बोलिए की आपकी बनाई हुई बिल्डिंग एक गिटार से टूट जाती है.”

त्यागीजी मोबाइलांकडे पाठ करून उभे राहिले.

“नाही म्हणजे,” सुखदा पुढे म्हणाली, तिचं हिंदी आता मराठीत केव्हा शिरत होतं ते तिचं तिलाही कळत नव्हतं, “कपाटात बसून, स्वेटरमध्ये तोंड घालून गाणाऱ्या माणसामुळे टॉवर हलत असेल, तो दिवाली के पटाखों में क्या होगा? शादी का डीजे? भल्ला आंटी का मिक्सर?”

“मेरा मिक्सर तो बहुत आवाज करता है!” भल्ला आंटी घाबरून म्हणाल्या.

“कल पाँच बजे,” सुखदा म्हणाली. “इसी लॉन में. होलीवाले बडे स्पीकर लगाइए. पूरा एल्बम बजेगा. कुछ नहीं गिरा, तो गाने का कसूर नहीं, आप इंजीनियर बुलाओगे. और कुछ गिरा, तो बिल्डिंग का कसूर, आप इंजीनियर बुलाओगे.”

त्यागीजी बराच वेळ दोन्ही वाटा तपासून बघत होते. तिसरी सापडेना.

“दोनों में हम ही बुलाएँगे?”

“बिल्कुल,” सुखदा म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. निहार बायकोकडे असा बघत होता जणू ती आत्ताच त्याला भेटली होती. “सुखदा,” तो लिफ्टमध्ये म्हणाला, “तू बँडमध्ये येशील?”

“आधी पाळकसाहेबांना फोन कर. त्यांना पोस्टरच गेलं नाहीये.”

दिलीप पाळकसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे कार्यक्रम आता नगराच्या तटापाशीच म्हणायचा,” ते म्हणाले. “येतो आम्ही. म्हाताऱ्या माणसांनाही आणतो. चुकवलं तर माझ्यावर रागावतील.”

रविवारी चारपासूनच सुखदा कामाला लागली. हिरवळीवर तिने सगळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या टॉवरपासून लांब ओळीने मांडल्या. टॉवरच्या दारावर बिल्डरने शोभेसाठी दगडी लाद्या चिकटवलेला मोठा सज्जा होता. त्याच्याखाली तिने दोरी बांधून कोणाला उभंच राहू दिलं नाही.

“सुखदा, इतना भी क्या!” लोक हसले.

“हँस लीजिए. उधर से आइए.”

मेट्रो आणि रिक्षा करत मंडळीतले लोक आले, स्वच्छ कपड्यांत, हातात डबे. उन्मेष जांभया देत आला. नगरहून कुमुदिनीबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी कानांत आधीच कापूस घातला होता, त्यामुळे त्यांना कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं आणि त्या मोठमोठ्याने “सुरू झालं का?” विचारत होत्या.

पाच वाजले. गिटार धडधडली. होळीच्या स्पीकरांनी आयुष्यात प्रथमच असलं काही ऐकलं असावं. आधी ते गांगरले, मग सावरले. निहारचा आवाज बी टॉवरच्या अंगावर जाऊन आदळला.

*फिरा! फिरा! पुन्हा फिरा!*
*तट म्हणतो, मी हलणार नाही!*
*पाय म्हणती, आम्ही थांबणार नाही!*

इतक्या आवाजात माणसाला नुसतं बसवत नाही. भल्ला आंटी आणि त्यांच्या संध्याकाळच्या फेरीच्या मैत्रिणी उठल्या आणि सवयीप्रमाणे टॉवरभोवती चालायला लागल्या, आजवर कधी चालल्या नव्हत्या एवढ्या वेगाने. त्यांच्या मागे मंडळीतली पोरं, त्यांच्या मागे अक्वेरियमवाले, कॅलेंडरवाल्या बाई. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. ते प्रार्थना करत होते की हसू दाबत होते, सांगता येत नव्हतं. दिवे लागायच्या आत अख्खी सोसायटी बी टॉवरला फेऱ्या मारत होती आणि दर कडव्याला, शब्द न कळताही, सगळे मिळून ओरडत होते.

तिसरं गाणं संपलं. काही पडलं नाही. एक टवकासुद्धा नाही.

त्यागीजींनी रुमालाने कपाळ पुसलं आणि छाती पुढे काढली. “देख लिया? चट्टान है चट्टान! हमारी बिल्डिंग को...”

चौथं गाणं सुरू व्हायच्या आधी निहारने मोठा विराम ठेवला होता, वादळापूर्वीचा म्हणून. त्या शांततेत कुठूनतरी एक कबुतर आलं, सज्ज्याच्या कडेवर बसलं, आणि मान वळवून त्यागीजींकडे बघितलं.

सज्ज्यावरची एक लादी सुटली. तिच्यासोबत तिची शेजारीण सुटली, मग तिच्या शेजारची, आणि मग सोसायटीच्या नावासकट सगळी ओळ धडाडधूम खाली आली. सुखदाच्या दोरीच्या आत, जिथे एकही माणूस नव्हता तिथे, बरोबर ढीग झाला. कबुतर उडून गेलं.

धूळ खाली बसली.

“गाना!” त्यागीजी किंचाळले. “देखा, गाने से!”

“गाना तो बंद था,” सुखदा शांतपणे म्हणाली. “सबके मोबाइल में है. त्यागीजी, अब किसको नोटिस देंगे? कबूतर को?”

आणि मग जी आरोळी उठली, तिच्यापुढे थ्रॅश मेटल म्हणजे अंगाईगीत. भल्ला आंटींनी सुखदाला मिठी मारली, मंडळीतल्या आज्यांनी भल्ला आंटींना मिठी मारली, आणि उन्मेषला पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी उचलता येईना तरी उचलल्यासारखं केलं. कुमुदिनीबाईंनी कानांतला कापूस काढून विचारलं, “पडली का भिंत?”

“सज्ज्यावरच्या लाद्या पडल्या, आई.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग ओरडलास ते एका अर्थी बरं झालं. पण घसा जप.”

व्हिडिओ रात्रीच्या जेवणाआधी शहरभर फिरला. सोमवारी बिल्डरचे साहेब स्वतः आले, सोबत इंजिनिअर आणि हातोडीने भिंती ठोकून बघणारी माणसं. कॅलेंडरं उतरली, वॉलपेपर सोलले, मासे तात्पुरते बादलीत गेले. आतल्या सळया गंजल्या होत्या. सगळ्या टॉवरची दुरुस्ती बिल्डर करून देणार, हे साहेबांनी कॅमेऱ्यासमोर दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा भल्ला आंटी मध्ये आल्या होत्या. ‘यरीहो’ मात्र देशभरातल्या अनोळखी पोरांनी शोधून शोधून ऐकला, आणि एकाने लिहिलं की कबुतराची एंट्री हा मेटलमधला या वर्षीचा सर्वोत्तम क्षण आहे.

सुरुवात अकराव्या मजल्यापासूनच करायची, असं सुखदाने ठरवून घेतलं होतं. गुरुवारी ड्रिल मशीन आलं. भेगेच्या जागी प्लास्टर खरवडणं सुरू झालं तेव्हा घरातली भांडी मांडणीवर नाचायला लागली. त्या दिवशी घरून काम करणारा निहार हेडफोन लावून बसला, मग हेडफोनवर उशी बांधून बसला, आणि शेवटी हात जोडून मिस्तरींसमोर उभा राहिला.

“भैया, थोडा धीरे हो सकता है? सिर फट रहा है. ऐसी आवाज में आदमी काम कैसे करे?”

“साहब, मॅडम ने बोला है, रुकना मत.”

“मॅडम कहाँ है?”

मिस्तरींनी हॉलकडे बोट दाखवलं. हॉलमध्ये सतरंजीवर सुखदा आडवी झाली होती. कुशीत वल्लरी, दोघींची तोंडं किंचित उघडी. भिंतीतून ड्रिलचा आवाज हाडांत शिरत होता आणि सुखदा घोरत होती. निहार दारात उभा राहिला. लग्नानंतर त्याने हा आवाज प्रथमच ऐकला होता.

एक वाजला. मिस्तरींनी मशीन बंद केलं आणि डबे काढले. घर एकदम चिडीचूप झालं.

सुखदा दचकून उठून बसली. “काय झालं? का थांबले?”

“जेवतायत गं. तू झोप.”

“किती वेळ जेवतात ही माणसं?” ती डोळे चोळत, काळजीने म्हणाली. “निहार, काहीतरी लाव बाई तुझं. जरा मोठ्याने.”